गंजिफा टिकल्या, डाव कोण मांडणार?

(इस्लामपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय फळ्यावर लागला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, 'पत्त्यांवर व्याख्यान? म्हणजे जुगारावर बोलणार का?' तर नाही. जुगारावर बोलायला माझ्यापेक्षा जाणकार माणसं या सभागृहातच बसलेली असतील. (हशा) आज आपण एका बंद पडलेल्या खेळाबद्दल बोलणार आहोत. खेळ बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि तो जिवंत ठेवायचा असेल तर काय जिवंत ठेवायचं, हा आजचा प्रश्न.

सुरुवात जरा लांबून करतो. इथे मागे बसलेल्या मुलांना पोकेमॉनची कार्डं माहीत असतील. त्यांच्या आई-वडिलांना चिप्सच्या पुड्यात निघणारे गोल टॅझो आठवत असतील, आणि त्याहून थोडे मोठे असतील त्यांना कुस्तीवाल्यांचे ट्रंप कार्ड. या सगळ्याचं सूत्र एकच, कार्डं जमवायची, अदलाबदल करायची आणि त्यावर खेळायचं. याला शिस्तशीर खेळाचं रूप १९९३ साली आलं. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ काढला. बंद पाकीट विकत घ्यायचं, आत कोणती पानं निघतील ते नशिबावर, आणि निघालेल्या पानांतून आपापला कॅट बांधायचा. ज्याच्याकडे दुर्मीळ पान तो राजा.

याच गारफिल्डने १९९६ साली 'नेटरनर' नावाचा दुसरा खेळ काढला. तो लवकरच बंद पडला. मग २०१२ साली दुसऱ्या एका कंपनीने परवाना घेऊन तो नव्या रूपात आणला, चांगला चालला, आणि २०१८ साली परवाना संपला तसा पुन्हा बंद. कंपनी गेली, दुकानातून पानं गेली. पण खेळणाऱ्यांनी काय करावं? त्यांनी आपलीच एक संस्था उभी केली. आज ती 'नल सिग्नल गेम्स' या नावाने चालते. नवी पानं तेच तयार करतात, स्पर्धा तेच भरवतात, आणि पानांच्या फाइली फुकट ठेवतात. घरच्या प्रिंटरवर छापा, कात्रीने कापा, जुन्या पत्त्याला पुढून लावा आणि खेळा. दिसायला ती पानं कशीतरीच दिसतात. पण डाव रंगतो.

'स्टार वॉर्स'च्या कार्ड-खेळाचीही हीच कथा. १९९५ला सुरू, २००१च्या अखेरीस कंपनीचा परवाना गेला, आणि तेव्हापासून खेळाडूंची समिती तो चालवते आहे. वीस वर्षांहून जास्त झाली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की असाच एक खेळ आपल्यापासून फार लांब नाही. पेठ नाक्यावरून कोल्हापूर, तिथून आजरा, आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. आपण सगळे तिथे जातो, चितार आळीतून लाकडी फळं आणि खेळणी घेतो, मोती तलावावर फोटो काढतो आणि गोव्याला निघून जातो. त्याच गावात, राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये, आजही कारागीर बसून गोल पत्ते रंगवतात. त्यांना म्हणतात गंजिफा.

गंजिफा म्हणजे काय ते आधी डोळ्यांपुढे आणू. आपला कॅट बावन्न पानांचा, चार रंगांचा. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा एकशेवीस पानांची, दहा रंगांची. दहा रंग म्हणजे विष्णूचे दहा अवतार. पान गोल, तळहातात मावेल एवढं. प्रत्येक रंगात बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. राणी नाही, गुलाम नाही. राजाच्या पानावर तो अवतार स्वतः. बाकीच्या पानांवर त्याची खूण, जितक्याचं पान तितक्या वेळा काढलेली. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू, वामनाचा कमंडलू, कल्कीची तलवार. म्हणजे पाच मासे दिसले की मत्स्याची पंजी. काही खुणा गावागावाप्रमाणे आणि कारागिराप्रमाणे बदलतात. पानावर आकडा नाही, अक्षर नाही. शिवाय प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाने भरलेली, त्यामुळे ज्याला वाचता येत नाही तोही खेळू शकतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण हा खेळ फक्त पंडितांचा होता असा एक गैरसमज आहे.

आता खेळतात कसे? इथे जरा थांबणार आहे, कारण गंजिफांवरच्या बहुतेक लेखांत चित्रांचं कौतुक दोन पानं असतं आणि खेळाला दोन ओळी.

गौरी-गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट खेळलेली माणसं हात वर करा. बघा, जवळपास सगळेच. मग तुम्हाला निम्मा खेळ आत्ताच येतो. इथेही हात करायचे असतात. कोणीतरी उतारी करतो, बाकीचे पान टाकतात, उतारीच्या रंगातलं सर्वांत मोठं पान ज्याचं त्याचा हात. सहसा तिघं खेळतात, प्रत्येकाला चाळीस पानं. आता फरक ऐका.

पहिला फरक: हुकूम नाही. म्हणजे मेंढीकोटात जसं एखादा रंग हुकूम ठरतो आणि दुर्रीने एक्का मारता येतो, तसं इथे होत नाही. दुसऱ्या रंगाचं पान टाकलं तर ते वायाच गेलं.

दुसरा फरक: उतारीच्या रंगाचं पान हातात असलं तरी तेच टाकलं पाहिजे अशी सक्ती नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सगळा खेळ यानेच अवघड होतो. मेंढीकोटात समोरच्याने बदामावर किलवर टाकलं की आपण समजतो, याच्याकडचे बदाम संपले. इथे तसं काही समजत नाही! त्याच्याकडे मत्स्याची सहा पानं असतील आणि तो खुशाल वराहाची तिर्री फेकेल. त्यामुळे समोरच्याच्या हाताचा अंदाज बांधता येत नाही. एकच गोष्ट हाती उरते, आतापर्यंत कोणती पानं पडली ते लक्षात ठेवणं. मत्स्याचा राजा पडला, प्रधान पडला, म्हणजे आता माझ्या हातातलं पुढचं पान त्या रंगात सगळ्यांत वरचं झालं, ते मी बिनधास्त उतरवू शकतो. अशी दहा रंगांची दहा खाती एकाच वेळी डोक्यात चालू ठेवायची. कागद-पेन्सिल नाही.

तिसरा फरक तर आणखी मजेदार. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानाच्या खाली दहा मोठा, मग नव्वा, अठ्ठा असं उतरत एकपर्यंत. उरलेल्या पाच रंगांत उलटं. तिथे राजा-प्रधानाच्या खाली एक मोठा, मग दोन, तीन, आणि दहा सगळ्यांत हलका. म्हणजे एका रंगातली दहेली ठेवणीतली, दुसऱ्या रंगातली टाकाऊ. असं का, याची वेगवेगळी स्पष्टीकरणं दिली जातात, त्यातलं एकही मला पुरेसं पटलेलं नाही. पण गंमत अशी, की युरोपातल्या टॅरोच्या जुन्या खेळांतही काही रंगांत असाच उलटा क्रम आढळतो. म्हणजे पत्त्यांच्या या सगळ्या घराण्यांचं कुठेतरी मागे नातं आहे.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यांत आवडते. पहिली उतारी कोणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आहे त्याची. रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा आहे त्याची. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी आणि शिवाय मध्यरात्री जन्मलेला. खिडकीबाहेर बघून डाव सुरू करायचा.

हा नियम मुळात मोगली गंजिफेतला. तिच्यात आठ रंग आणि शहाण्णव पानं: मुकुट, तलवार, गुलाम, वाद्य, हुंडी, माल, आणि दोन नाण्यांचे रंग, सोन्याचं आणि चांदीचं. दिवसा सोन्याच्या नाण्याचा राजा सुरुवात करतो, रात्री चांदीच्या. सूर्य आणि चंद्रच ते. आपल्याकडे त्यांच्या जागी राम-कृष्ण आले, नियम तसाच राहिला. खेळ असाच प्रवास करतो. चित्रं बदलतात, हिशेब टिकतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. शब्द फारसीतून आला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात १५२७ साली नोंद केली आहे, की सिंधच्या शाह हसनला गंजिफेची आवड, त्याने मागितल्या म्हणून आग्ऱ्याहून पाठवल्या. पुढे अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या एकशे चव्वेचाळीस पानांच्या खेळाचं वर्णन केलंय. त्यात अश्वपती, गजपती, नरपती, अगदी सापांचा राजा अहिपतीसुद्धा आहे. तिथून मग जो तो आपल्या गावाप्रमाणे खेळ वळवत गेला. बंगालात विष्णुपूरला मल्ल राजांच्या आश्रयाने दशावतारी ताश झाले. ओरिसात गंजपा. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, स्वतः नवे खेळ रचले, आणि त्यातला एक तर तीनशे साठ पानांचा! तो प्रत्यक्षात कितीजण खेळले असतील याबद्दल मला शंका आहे. नवग्रहांची एकशेआठ पानांची गंजिफा झाली, राशींची एकशे चव्वेचाळीसची झाली.

सावंतवाडीत हा खेळ अठराव्या शतकात रुजला. तिसरे खेम सावंत यांच्या दरबारात धर्मशास्त्राच्या चर्चेला तेलंगणातून विद्वान येत, त्यांच्याबरोबर गंजिफा आल्या, असं तिथे सांगितलं जातं. आणि दशावतार हा विषय त्या मुलखात नवा नव्हताच. ज्या गावात रात्रभर दशावतारी नाटक बघितलं जातं, त्या गावाला मत्स्य-कूर्म-वराहाचे पत्ते परके वाटतील कसे?

ते बनवायचे चितारी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, वरून खडूचा हात द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, रंग भरायचे आणि शेवटी लाखेचा हात. एकशेवीस पानं. मागची बाजू सगळ्यांची हुबेहूब सारखी पाहिजे, एका पानावर जरी वेगळा डाग राहिला तरी ते पान पाठीवरून ओळखू येणार आणि डावच बाद. म्हणजे खरी परीक्षा चित्राची नसून पाठीची.

जाणकार गंजिफांचे दोन प्रकार सांगतात, दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी कलम म्हणजे हस्तिदंतावर, कासवाच्या पाठीवर, बारीक कामाचे, सोन्याच्या वर्खाचे संच. बाजार कलम म्हणजे भरभर ओढलेल्या चार रेषा: मासा म्हणजे एक फटकारा आणि एक ठिपका. स्वस्त, हाताळून काळे पडलेले, कडा उडालेले. हा भेद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग हे बंद का पडलं? इंग्रज आले म्हणून, असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं, पण कारण जास्त साधं आहे. १८३१ साली लंडनच्या थॉमस डे ला रू यांना पत्ते रंगीत छापण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. हाताने रंगवलेल्या पानाशी यंत्रावरचं पान भिडलं. बावन्न पानं, खिशात मावणारी, हातात पंख्यासारखी धरता येणारी, हरवलं तर नवा कॅट आणता येणारी. गंजिफेचं एक पान हरवलं तर चितारी गाठावा लागे. आणि बावन्न पानांत मुलंही चटकन शिकतात. त्यामुळे आधी बाजार कलम मेलं, कारण त्याचं गिऱ्हाईक सगळ्यात आधी छापील कॅटकडे गेलं. दरबारी कलम पेटाऱ्यात राहिलं. चितारी लाकडी खेळण्यांकडे वळले.

१९७०च्या आसपास सावंतवाडीत गंजिफा रंगवणारा जवळजवळ एकच वयोवृद्ध कारागीर उरला होता. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी मनावर घेतलं. (शिवरामराजे आमदारही होते, इथल्या जुन्या मंडळींना नाव आठवेल.) सत्वशीलादेवी स्वतः त्या वृद्ध चिताऱ्याकडून हे काम शिकल्या. नुसता आश्रय देणं वेगळं आणि राणीने जमिनीवर बसून खळ लावायला शिकणं वेगळं. तरुण कारागीर जमवले, दरबार हॉलमध्येच कारखाना मांडला, आणि राजवाड्यातून विक्री सुरू केली. २०१८ साली त्या गेल्या. घराण्याची पुढची पिढी काम चालवते आहे, आणि अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

त्याच सुमारास मुंबईत रुडॉल्फ फॉन लायडन नावाचा एक जर्मन गृहस्थ, टाइम्सचा कलासमीक्षक, गावोगाव फिरून गंजिफा जमवत होता, नियम लिहून घेत होता. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय गंजिफांचं प्रदर्शन झालं, त्याचं पुस्तक याने लिहिलं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातही संच आहेत, गेलात तर जरूर बघा.

इथवर ही सुखान्त कथा आहे. पण मला एक अडचण वाटते, ती स्पष्ट बोलतो.

नेटरनरवाल्यांनी काय वाचवलं? डाव वाचवला. पानं ओबडधोबड, झेरॉक्सवर छापलेली, पण शनिवारी चार माणसं जमतात आणि खेळतात. आपण काय वाचवलं? पानं वाचवली. अप्रतिम, लखलखीत, डबीत ठेवलेली पानं. संच हजारो रुपयांचा. लग्नात भेट देतात, चौकट करून भिंतीवर लावतात, आता तर दशावतारांचे कोस्टरही निघालेत, त्यावर चहाचा कप ठेवायचा. चौकटीतल्या एकशेवीस पानांना पिसणार कोण? जो संच पंधरा हजाराचा आहे तो मी मुलांच्या हातात देईन का? नाही देणार. म्हणजे नव्याने जन्मलं ते दरबारी कलम. आणि खेळ ज्याच्या जिवावर चालायचा ते बाजार कलम कोणी परत आणलंच नाही.

यात राजघराण्याला दोष देण्याचा माझा हेतू अजिबात नाही. कारागिराचं पोट भरायचं तर गिऱ्हाईक पाहिजे, आणि गिऱ्हाईक चित्राचे पैसे देतं, नियमांचे देत नाही. त्यांनी हात घातला नसता तर आज बोलायलाही काही उरलं नसतं. पण पन्नास वर्षं झाल्यावर आता पुढचा प्रश्न विचारायला हरकत नाही. ओरिसात बघा. पुरी-रघुराजपूरकडे पर्यटकांसाठी सुंदर गंजपा रंगवतात, आणि त्याच भागात काही ठिकाणी म्हातारी माणसं दुपारी ओट्यावर बसून खऱ्याखुऱ्या गंजपा खेळतात. त्यांची पानं साधी असतात, घामाने मळलेली. त्यांच्याकडे रामायणाचीही एक शहाण्णव पानांची गंजपा आहे, तिच्यात रामाच्या बाजूचे रंग आणि रावणाच्या बाजूचे रंग समोरासमोर येतात. ती माणसं आहेत तोवर तिथे शिकता येईल. आपल्याकडे नियम शिकवायला माणूस शोधावा लागतो, आणि पुस्तकातून पत्ते शिकणं म्हणजे पुस्तकातून पोहणं शिकण्यासारखंच.

वेळ होत आला. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांतून एका ताईंचा प्रश्न: पंधरा हजाराचा संच आम्ही घेऊ शकत नाही. मग मुलांना शिकवायचं कसं?)

ताई, तुमच्या घरात पत्ते आहेत ना? मग झालं. दोन कॅट घ्या. दोन्हीतले गुलाम काढून टाका, जोकर काढून टाका. एका कॅटमध्ये राहिली अठ्ठेचाळीस, दोन्ही मिळून शहाण्णव. म्हणजे बरोबर मोगली गंजिफा! राणीला प्रधान समजा, तिची बढतीच आहे ती. (हशा) दुसऱ्या कॅटच्या प्रत्येक पानावर पुढच्या बाजूला, कोपऱ्यात, स्केचपेनने एक टिंब काढा. पाठीवर नको, पाठ कोरीच राहू द्या. आता बदाम एक रंग आणि टिंबाचा बदाम दुसरा रंग, असे आठ रंग झाले. काळ्या चार रंगांत राजा-राणीखाली दहेली मोठी, लाल चार रंगांत एक्का मोठा आणि दहेली सर्वांत हलकी. तिघं बसा, बत्तीस-बत्तीस पानं येतील. एकदम हातात धरवत नाहीत, खाली रंगवार लावून ठेवा, पालथी. दिवस असेल तर साध्या बदामाच्या राजाने सुरुवात, रात्र असेल तर साध्या इस्पिकच्या. हुकूम नाही, रंग पाळायची सक्ती नाही, पडलेली पानं उलटून बघायची नाहीत. ज्याचे हात जास्त तो जिंकला.

पहिला डाव तास-दीड तास चालेल आणि सगळ्यांचं डोकं दुखेल. दुसऱ्या दिवशी मुलंच विचारतील, आज बदाम की इस्पिक.

(दुसरा प्रश्न: दशावतारी करायची असेल तर?)

मग तिसरा कॅट घ्या आणि त्यातले किलवर आणि चौकट असे दोनच रंग काढा, त्यावर दोन-दोन टिंबं. दहा रंग, एकशेवीस पानं. एक काळा, एक लाल वाढला, म्हणजे पाच सुलटे आणि पाच उलटे, तेही जमलं. कोणता रंग कोणत्या अवताराचा ते मुलांनाच ठरवू द्या, आणि राजांच्या पानांवर चित्रंही त्यांनाच काढू द्या. मासा ओबडधोबड आला तरी चालेल.